दौऱ्यावर अपघात झाला, तर पैसे कोण देणार?

प्रश्न : मी सर्व्हिस इंजिनिअर आहे. महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर जातात. सोलापूरला लॉजच्या बाथरूममध्ये पाय घसरून माझ्या सहकाऱ्याचे खुब्याचे हाड मोडले. एचआरचे म्हणणे, तो त्या वेळी ड्यूटीवर नव्हता आणि हॉस्पिटलचे बिल मेडिक्लेममधून मिळाले, विषय संपला. मग कंपनीचा दहा लाखांचा अपघात विमा कशासाठी? मला लवकरच जर्मनीलाही पाठवणार आहेत. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : विषय संपलेला नाही. समूह अपघात विमा बहुधा चोवीस तासांचा असतो. त्यात ड्यूटीवर होता की नव्हता, हा प्रश्नच येत नाही. काही कंपन्या मात्र फक्त दौऱ्यापुरते संरक्षण घेतात. तसे असले तरी लॉजमधला मुक्काम हा दौऱ्याचाच भाग, असे ठामपणे मांडता येते. सोलापूरचे काम आटोपून कोणी तुळजापूरला दर्शनाला गेला आणि वाटेत अपघात झाला, तर चोवीस तासांची पॉलिसी पैसे देईल, दौऱ्यापुरती असलेली बहुधा देणार नाही.

मेडिक्लेम बिल भरतो. अपघात विमा मृत्यू किंवा अपंगत्वासाठी ठरलेली रक्कम देतो. त्यामुळे एक मिळाले म्हणून दुसरे बुडत नाही. पॉलिसीत तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचे कलम असेल, तर अंथरुणाला खिळलेल्या काळासाठी दर आठवड्याला साधारणतः विमा रकमेच्या 1 टक्का मिळतो. दहा लाखांवर ते 10 हजार रुपये झाले. अनेक पॉलिसींत मात्र आठवड्याला कमाल किती, हे वेगळे ठरवलेले असते. सहकाऱ्याने हे कलम आहे का, ते आधी पाहावे. कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून रास्त दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाने 2011 मध्येच कंपन्यांना बजावले आहे.

कॅज्युअल्टीतला पहिला केसपेपर नीट वाचा. 'पाय घसरून पडले' असे लिहिले असेल तर तो अपघात. 'चक्कर येऊन पडले' असे लिहिले गेले, की विमा कंपनी आजाराचा मुद्दा काढते. त्याच्यासोबत दौऱ्याचा आदेश देणारा ईमेल, तिकीट आणि लॉजचे बिल जपून ठेवा.

जर्मनीच्या व्हिसासाठी किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण तो अपघाती भरपाईचा विमा नव्हे. पॉलिसीवरचा मदतकेंद्राचा क्रमांक घरच्यांकडेही द्या. रुग्णाला मायदेशी हलवण्याचा खर्च बहुधा त्या केंद्राची आधी मंजुरी घेतली तरच मिळतो. काम संपल्यावर चार दिवस फिरायला थांबणार असाल, तर त्या दिवसांचा विमा स्वतः काढा.

प्रश्न : कंपनीच्या दौऱ्यावर असताना ट्रकच्या धडकेत माझा भाऊ गेला. कंपनीने वहिनीला समूह विम्याचे पैसे दिले आणि आता 'यापुढे कोणतीही मागणी नाही' असे लिहून मागत आहे. सही करावी का? – एक वाचिका, सांगली

उत्तर : वहिनींनी सही करू नये. कंपनीने विमा काढला म्हणून कायद्याने तिच्यावर असलेली जबाबदारी फिटत नाही. कर्मचारी भरपाईचा हक्क असा लिहून देऊन सोडता येत नाही. मृत्यूच्या प्रकरणात ही रक्कम परस्पर घरच्यांच्या हाती देण्याचीही सोय नाही. ती सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. पूर्वीच्या 1923 च्या कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, तरी हिशेबाची पद्धत तीच : मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसारचा गुणांक. वेतनाची मर्यादा 15 हजार धरली आणि वय 40 असेल, तर 7,500 गुणिले 184.17, म्हणजे सुमारे 13 लाख 81 हजार रुपये होतात. भाऊ ईएसआयचे सदस्य असतील तर ही जबाबदारी कंपनीची नसून ईएसआयची असते.

दुसरा मार्ग मोटार अपघात न्यायाधिकरणाचा. तिथे ट्रकच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येते आणि प्रत्यक्ष पगार विचारात घेतला जात असल्याने रक्कम बहुधा मोठी असते. मात्र हा दावा आणि कर्मचारी भरपाई यांपैकी एकच निवडावे लागते; म्हणून दोन्ही आकडे वकिलाकडून काढून घ्या. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची तरतूद आहे, वेळ दवडू नका. आयुर्विम्याचे पैसे मिळाले म्हणून न्यायाधिकरणाची भरपाई कापता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच स्पष्ट केले आहे. समूह विम्याच्या रकमेबाबत वहिनींच्या वकिलाने त्याच निकालाचा आधार घ्यावा.

याशिवाय भावाचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर ईडीएलआय योजनेतून कमाल 7 लाखांपर्यंत रक्कम मिळते. ती वेगळी मागावी लागते.

समूह विम्याचा दावा विमा कंपनीने नाकारला, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही, तर मुंबई किंवा पुण्यातील विमा लोकपालाकडे जाता येते. समूह पॉलिसीच्या तक्रारीही तिथे चालतात, मर्यादा 50 लाखांची आहे आणि शुल्क लागत नाही.

दौऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगणे एवढेच : पुढच्या दौऱ्याआधी एचआरकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या आणि त्यात वारसाचे नाव बरोबर आहे का, ते स्वतः तपासा.