जागरण आणि फूटपट्टी

उद्या जर्नल तपासायला द्यावयाचे आहे आणि पाच प्रयोग लिहावयाचे राहिले आहेत. अशा वेळी आपण चहा घेतो आणि रात्री दोनपर्यंत बसतो. रात्री एकचा तासही साठ मिनिटांचाच असतो. पण त्यात काम संध्याकाळी सातच्या तासासारखे होते का? ३० सेंटिमीटरच्या फूटपट्टीने हे पाहता येईल.

मित्राला पट्टी वरच्या टोकाशी उभी धरायला सांगा. शून्याची खूण तुमच्या अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये असू द्या. बोटे पट्टीला टेकवू नका. मित्राने न सांगता पट्टी सोडावी आणि तुम्ही ती चिमटीत पकडावी. ती किती सेंटिमीटर घसरली ते लिहा. असे दहा वेळा करा.

पट्टी मुक्तपणे पडते. म्हणून

अंतर = ½ × गुरुत्वत्वरण × (काळ)²

यावरून तुमचा प्रतिक्रियाकाल मिळतो :

१५ सेंटिमीटर – ०.१७ सेकंद
२० सेंटिमीटर – ०.२० सेकंद
२५ सेंटिमीटर – ०.२३ सेकंद
३० सेंटिमीटर – ०.२५ सेकंद

पाव सेकंदाहून उशीर झाला की पट्टी निसटलीच!

हा प्रयोग एकदा संध्याकाळी करा आणि कधी जागरण घडलेच तर त्या रात्री पुन्हा करा. (केवळ प्रयोगासाठी जागू नका.) सरासरीपेक्षा पट्टी किती वेळा निसटली याकडे लक्ष द्या. पेंगुळलेला मेंदू सारखाच मंद नसतो. तो बरा चालतो आणि मधेच क्षणभर थांबतो. अशाच एखाद्या क्षणी जर्नलात ५.३८ चे ५.८३ होतात आणि ते आपल्याला दिसतही नाही.

असे का होते? याची कारणे दोन. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते व झोपेची ओढ वाढते. चहातील कॅफीन अ‍ॅडेनोसीनची जागा अडवते, म्हणून झोप आल्याचे कळत नाही. पण साठा तसाच राहतो. दुसरे कारण म्हणजे शरीरातील जैविक घड्याळ. ते मेंदूच्या तळाशी असते. त्याच्या तालावर शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी होते आणि तेव्हाच तरतरीही कमी असते. मध्यरात्रीनंतर ही दोन्ही कारणे एकाच दिशेने ओढतात.

१९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात डॉसन आणि रीड यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. सलग १७ तास जागलेल्यांची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना होते तितकी खालावली होती. आपल्या देशात ०.०३ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. सकाळी सहाला उठलेल्याचे १७ तास रात्री अकरालाच भरतात!

झोप म्हणजे वाया गेलेला वेळही नव्हे. १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांना असे आढळले, की पाठ केलेली निरर्थक अक्षरे तितकेच तास जागे राहण्यापेक्षा झोपेनंतर अधिक आठवतात.

मग काम उरलेच तर काय करावे? आकडेमोड व आलेख अकराच्या आत संपवा. रेघा आखणे, मथळे लिहिणे ही कामे मागे ठेवा. राहिलेले पहाटे करण्यापेक्षा नीट झोपून सकाळी करा आणि उत्तरे तेव्हाच तपासा.

आता एक गणित : बस ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना चालकाला दोन सेकंद डुलकी लागली, तर तेवढ्यात बस किती मीटर जाईल? उत्तर काढा आणि आपल्या शाळेसमोरचा रस्ता तेवढा मोजून पाहा.