खारट पाणी आणि बाभळीचे बी

पावसाळ्यात लावायची रोपे उन्हाळ्यातच तयार करावी लागतात. मातीने भरलेल्या पिशव्या शाळेच्या रोपवाटिकेत रांगेने मांडलेल्या असतात, बिया जमवलेल्या असतात. अडते ते पाण्यापाशी. एप्रिल-मे महिन्यांत विहीर तळाला जाते आणि उरलेले पाणी जिभेला मचूळ लागते. हे पाणी घालून झाडाचे बी रुजेल का? रुजले तर रोप जगेल का? अंदाज चुकला तर शेकडो पिशव्या रिकाम्या राहतात आणि लागवडीचा हंगाम हातचा जातो. म्हणून अंदाज करण्याऐवजी आपण प्रयोगच करू. त्याला मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही.

मीठ येते कोठून?

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीवर धो धो पाऊस कोसळतो, तर पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेत येतात. येथला खडक म्हणजे काळा बेसाल्ट. तो झिजताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार मोकळे होतात. भरपूर पावसाच्या प्रदेशात ते धुऊन नदीला मिळतात. कमी पावसाच्या प्रदेशात ते जमिनीतच राहतात, आणि उन्हाने पाण्याची वाफ झाली की मागे उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते.

दुसरे कारण माणसाने निर्माण केलेले आहे. प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. कालव्यांचे पाणी आले, ऊस आला, समृद्धीही आली. पण काळ्या चिकण मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. गरजेपेक्षा जास्त पाणी दिले की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते, सोबत क्षारही वर येतात. पाणी उडून जाते आणि जमिनीवर पांढरा थर उरतो. अशा जमिनीला शेतकरी ‘क्षारपड’ म्हणतात.

म्हणजे पाणी कमी पडले तरी मीठ आणि जास्त झाले तरी मीठ!

बी पाणी कसे पिते?

कोरडे बी पाण्यात टाकले की फुगते. सुक्या बीचे पाण्याला ओढण्याचे बळ फार मोठे, कित्येक शे वातावरणांइतके असते. त्यामुळे थोड्या खारट पाण्यातही बी फुगतेच. येथेच आपली फसगत होण्याचा संभव असतो. बी फुगले म्हणजे रुजले, असे नव्हे.

बी पुरते फुगले की तिचे हे बळ ओसरते. आता आतला मूलांकुर वाढून बाहेर पडायला हवा. त्यासाठी त्याच्या पेशींना आणखी पाणी आत घ्यावे लागते, आणि ते परासरणानेच आत येते. पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे झिरपते, हे तुम्ही शिकला आहात. बाहेरच्या पाण्यात मीठ असेल तर तेही पाणी आपल्याकडे ओढून धरते. १ टक्का मिठाच्या द्रावणाचा परासरण दाब सुमारे ८ वातावरणे भरतो. अशा वेळी सभोवार पाणी असूनही अंकुर तहानलेला राहतो. शिवाय सोडियम आणि क्लोराइड आयन पेशीत शिरून तिला अपायही करतात. पहिल्या प्रकारात बी नुसते थांबते. दुसऱ्यात ते मरू शकते. हा फरक ओळखणे हाच आपल्या प्रयोगाचा गाभा आहे.

प्रयोगाची तयारी

दोन देशी झाडांच्या बिया घ्या: बाभूळ आणि खैर. बाभळीची शेंग प्रत्येक बीपाशी फुगीर व मध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी असते. वेडी बाभूळ मात्र घेऊ नका. ती परदेशातून आलेली असून खारवट व पडीक जमिनीवर आपल्याआप पसरते आणि देशी झाडांची जागा घेते. भोक पडलेल्या बिया टाकून द्या. त्यांच्या आतला भाग किड्यांनी खाल्लेला असतो.

खैराचे बी पातळ सालीचे असल्याने सहज पाणी घेते. बाभळीचे बीजावरण मात्र इतके घट्ट असते की साध्या पाण्यातही कित्येक बिया खड्यासारख्या पडून राहतात. शेळ्या-मेंढ्यांनी शेंगा खाऊन टाकलेल्या बिया लवकर रुजतात, हे मेंढपाळांना ठाऊक असते. पोटातून जाताना हे आवरण मऊ पडते. रोपवाटिकेत उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बिया टाकतात आणि ते निवल्यावर दिवसभर तशाच ठेवतात.

प्रयोगासाठी मात्र ही रीत चालणार नाही. बी आधीच गोडे पाणी पिऊन बसले तर खारट पाण्याचा परिणाम कसा कळणार? म्हणून बाभळीची प्रत्येक बी कोरडीच खरखरीत दगडावर घासा. शेंगेला चिकटलेले टोक सोडून विरुद्ध बाजूला आतला फिका भाग जेमतेम दिसला की थांबा. हे न करता प्रयोग केलात तर तुम्ही मोजाल ते आवरणाचा कठीणपणा, मिठाचा परिणाम नव्हे.

आता द्रावणे करू. १० ग्रॅम खडेमीठ थोड्या पाण्यात विरघळवून त्यात पाणी घालून बरोबर १ लिटर करा. हे १ टक्क्याचे द्रावण. त्यातले अर्धा लिटर घेऊन तेवढेच गोडे पाणी मिसळा. झाले अर्ध्या टक्क्याचे. त्याचेही पुन्हा तसेच केले की पाव टक्क्याचे मिळेल. चौथे साधे गोडे पाणी. पावसाचे साठवलेले असल्यास उत्तम. पाचवे तुमच्या विहिरीचे. विहिरीच्या पाण्यात नुसते खायचे मीठ नसते, सल्फेट आणि बायकार्बोनेट क्षारही असतात. म्हणून त्याची बशी वेगळी हवी.

प्रत्येक पाण्यासाठी दोन बशा घ्या. बशीत टीपकागदाच्या दोन घड्या ठेवा, २५ बिया मांडा, कागद भिजेल इतके द्रावण घाला आणि झाकण ठेवा. झाकण विसरू नका. पाणी उडाले की बशीतले द्रावण आपोआप तीव्र होते. बशीवर झाडाचे नाव, द्रावण आणि तारीख लिहा. अशा दोन्ही झाडांच्या मिळून २० बशा होतील.

निरीक्षण

रोज एका ठरावीक वेळी १४ दिवस मोजा. मूलांकुर २ मिलिमीटर बाहेर आला तरच बी रुजली असे धरा. दोन बशांच्या ५० बियांपैकी समजा ३६ रुजल्या, तर प्रमाण ७२ टक्के झाले. केवळ शेवटचा आकडा लिहू नका. निम्म्या बिया रुजायला किती दिवस लागले तेही लिहा. मिठाचा पहिला परिणाम पुष्कळदा उशिराच्या रूपानेच दिसतो.

१४ दिवसांनंतर खरी कसोटी घ्या. खारट बशांतल्या न रुजलेल्या बिया गोड्या पाण्याने तीन वेळा धुवा आणि स्वच्छ बशीत गोड्या पाण्यावर आणखी १० दिवस ठेवा. त्या आता रुजल्या, तर मिठाने त्यांना फक्त थोपवून धरले होते. कुजल्या तर मिठाने, किंवा एवढा वेळ ओले राहण्याने, त्यांचा जीव गेला. हे थोपून राहणे कोरड्या प्रदेशात फायद्याचे आहे: पहिल्या मोठ्या पावसाने मातीतले मीठ खाली धुतले जाते, आणि नेमक्या त्याच वेळी बीला पुढे जायला वाव मिळतो.

रुजणे म्हणजे जगणे नव्हे

बाभूळ आणि करंज ही झाडे खारवट जमिनीतही तग धरतात म्हणून अशा जमिनीवर लावली जातात. परंतु मोठे झाड जे सोसते ते कोवळे रोप सोसेलच असे नाही. पुढील हिशेब पाहा. विहिरीच्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम क्षार आहेत. पिशवीला रोज ५० मिलिलिटर पाणी दिले, तर ६० दिवसांत ३ लिटर पाणी आणि त्याबरोबर ६ ग्रॅम क्षार गेले. पाणी वाफ होऊन गेले. क्षार तेथेच राहिले. पिशवीतल्या दीड किलो मातीत एका वेळी ३०० मिलिलिटर ओल असेल, तर त्या ओलीत २ टक्के क्षार झाले. मूळ पाण्याच्या दसपट! आरंभी हिरवेगार असणाऱ्या रोपांची पानांची टोके पुढे का करपतात, हे आता कळले ना?

यावरून रोपवाटिकेसाठी चार गोष्टी ठरतात. पावसाचे किंवा गोडे पाणी थोडेच असेल तर ते बी रुजताना आणि पहिल्या काही आठवड्यांत वापरावे. पिशवीला खाली भोके असावीत. खारट पाणी द्यावेच लागले तर रोज घोटभर न देता काही दिवसांआड भरपूर द्यावे, म्हणजे जादा पाणी क्षार घेऊन भोकांतून बाहेर पडेल. आणि पिशव्या सावलीत ठेवून वर पालापाचोळा पसरावा, म्हणजे वाफ कमी होईल.

पाणी किती खारट आहे हे मृद परीक्षण प्रयोगशाळेत त्याच्या विद्युतवाहकतेवरून सांगतात. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते. वाहकता १ डेसिसायमन प्रतिमीटर असेल, तर लिटरला सुमारे ०.६४ ग्रॅम क्षार असतात. आपले पाव टक्क्याचे द्रावण म्हणजे सुमारे ४. पाण्याचा नमुना तपासून घेतलात तर तुमची विहिरीची बशी कोणत्या द्रावणाच्या जवळ बसते ते लगेच कळेल.

शिक्षकांना एक सूचना: वर्गाचे पाच गट करून प्रत्येकाला एक द्रावण द्यावे आणि आकडे फळ्यावर एकत्र मांडावेत. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या याच जिल्ह्यातील गावांनी पाणी अडवण्याबरोबर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, म्हणून तेथे झाडे वाढली. तुमच्या गावच्या पाण्यावर कोणते बी रुजते, किती दिवसांत रुजते आणि रोप कितपत टिकते, याची वही शाळेत जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्या वहीवरून बी निवडता येईल.