डोंगरात मुक्काम आणि गाडीतली बॅटरी : हिशेबाचा एक पाठ

दहावीच्या विज्ञानात 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा पाठ आहे. सिलिकॉनच्या एका सौर घटातून सुमारे अर्धा व्होल्ट मिळतो, हे वाक्य मुलं पाठ करतात आणि सोडून देतात. खरं तर ते वाक्य घेऊन मुठा खोऱ्यात एक रात्र काढता येते. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण कॅरॅव्हॅन कशाला, साध्या जीपच्या डिकीत एक जादा बॅटरी ठेवून टेमघरच्या बाजूला मुक्काम करायचा म्हटलं तरी हाच हिशेब लागतो.

बॅटरीवर '12 व्होल्ट, 100 अँपिअर-तास' असं लिहिलेलं असतं. मुलांना गुणाकार करायला लावा : 1200 वॉट-तास. इथेच फसगत होते. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी शिसे-आम्लाची बॅटरी असेल, तर त्यातली निम्मीच वीज वापरावी. वारंवार पूर्ण उतरवली, किंवा उतरलेली तशीच पडू दिली, की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि बॅटरी लवकर जाते. म्हणजे हाताशी 600 वॉट-तास.

आता खर्च बघू. 5 वॉटचे दोन एलईडी पाच तास : 50. चार मोबाइल : सुमारे 60. 15 वॉटचा पंखा रात्रभर, आठ तास : 120. एकूण 230. ही चैन परवडते. पण कुणी हौसेने छोटा फ्रिज आणला, 45 वॉटचा, दिवसातला निम्मा वेळ चालणारा, तर त्या एकट्याचे 540 होतात. बेरीज 770! म्हणजे पहिल्या दिवशीच 600 ची मर्यादा ओलांडली. माझं मत विचाराल तर एका मुक्कामासाठी फ्रिज नकोच, बर्फाची पेटी पुरते.

भर कुठून घालायची? 100 वॉटचं पॅनेल दिवसभर 100 वॉट देत नाही. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी वीज धरा, पाव भाग गळतीत जातो. हाती 375 च्या आसपास. फ्रिज नसेल तर भरपूर, असेल तर रोज चारशेची तूट. पावसाळ्यात मात्र मुळशीत पॅनेलच्या भरवशावर जाऊच नये.

मुलं हमखास विचारतात, 12 व्होल्टच्या बॅटरीला पॅनेल 18 व्होल्टचं का? टाकीचं उदाहरण द्या. पाणी उंचावरून खाली येतं. बॅटरी भरायला साधारण 14.4 व्होल्ट लागतात, आणि पॅनेल तापलं की त्याचा व्होल्टेज घसरतो. म्हणून 36 घट एकसर जोडणीत. आता एकसर जोडणीचा दुसरा परिणाम : एका घटावर आंब्याच्या डहाळीची सावली पडली, की सगळ्या ओळीचा प्रवाह अडतो. आपण तर गाडी मुद्दाम आंब्याखाली लावतो! तेव्हा पॅनेल सुटं असावं, उन्हात ठेवावं, वायर लांब घ्यावी.

लांब किती? इथे ओहमचा नियम. 10 मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन 20 मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरला सुमारे 0.23 ओहम रोध, प्रवाह साडेपाच अँपिअर, जवळजवळ 1.3 व्होल्ट वायरीतच गेले. 4 चौरस मिलिमीटरची घेतली तर अर्ध्या व्होल्टच्या आत. चार्ज कंट्रोलर बॅटरीजवळच ठेवायचा, म्हणजे त्याला बॅटरीचा खरा व्होल्टेज कळतो.

कोन हा भूगोलाचा भाग. मुठा साधारण साडेअठरा अक्षांशावर. डिसेंबर अखेरीस दुपारचा सूर्य 90 वजा 18.5 वजा 23.5, म्हणजे 48 अंशांवर. पॅनेल टपावर आडवं टाकलं तर भर दुपारीही थेट उन्हाचा पाऊण भागच पडतो. दक्षिणेकडे 42 अंश कललं की पूर्ण. शिवाय पश्चिमेला डोंगर, ऊन लवकर उतरतं. त्यामुळे सकाळचं ऊन सोडू नये.

पालकांसाठी खास : गाडीच्या मूळ बॅटरीवर दिवे, गाणी लावू नका. रात्री घाटात सेल्फ मारला आणि नुसतं टकटक झालं, सोबत लहान मूल किंवा आजारी माणूस असलं, तर पुढचं सांगायला नको. दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा रिले बसवून घ्या. इंजिन चालू असतानाच दुसरी भरते, बंद होताच ती सुटी होते. उभ्या गाडीचं इंजिन तासन्‌तास चालवून बॅटरी भरायचा उद्योग करू नये. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासचे तास लागतात, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला कळतही नाही. भरताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती झोपायच्या जागेत नको. बॅटरीच्या धन टोकाशी फ्यूज हवाच.

वर्गात मल्टिमीटर असेल तर घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचं माप मोठ्यांच्या देखरेखीखाली घ्यायला सांगा, पण चार्जिंग आणि लोड बंद करून दोन-तीन तासांनी. 12.7 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. चार्जिंग चालू असताना 13.8 दिसले म्हणून मुलं खूश होतात. तो आकडा बॅटरीचा नाही, चार्जरचा.