आधी खिळा, मग बंदूक

भाचेबुवा, खिळे मारायची हवेची बंदूक घ्यायची म्हणतोस, घे. पण मोबाइलवर अमेरिकेतली घरं बघून घेऊ नकोस. तिकडं भिंतीचा सांगाडाच लाकडाचा, म्हणून साडेतीन इंची खिळा मारणारी फ्रेमिंगची बंदूक त्यांना दिवसभर लागते. आपल्याकडं नांदेडला जा नाहीतर लातूरला, घर म्हणजे कॉलम, बीम, स्लॅब. लाकूड लागतं ते सेंट्रिंगला. प्लेटा लोखंडी झाल्या तरी बीमच्या बाजू, जिना, कडा यांना फळी अजून आहेच. आणि सेंट्रिंगचा खिळा काढायचाय हे धरूनच मारायचा असतो. म्हणून आपण त्याचं डोकं जरा वर ठेवतो, हातोडीच्या नखात धरता यावं म्हणून. बंदुकीचा खिळा डोक्यासकट आत बसतो. त्यातून रिंगवाला असला तर उपटताना फळीच फाटते. फळ्या भाड्याच्या असतात हे विसरू नको. स्लॅबच्या कामाला हातोडीच.

बंदूक उपयोगाची कुठं? एकदा ठोकलं की परत उघडायचं नाही अशा जागी. एमआयडीसीतल्या मालाचे पॅलेट, खोकी, पार्टिशनची चौकट, सोफ्याचा सांगाडा. लाकूड पाइनचं, मऊ. पॅलेटला गुंडाळीच्या खिळ्यांची बंदूक, सोफ्याला आणि पट्ट्यांना बारीक ब्रॅडची. एकच बंदूक दोन्ही करील असं दुकानदार म्हणाला तर चहा पी आणि ऊठ.

औसा-निलंग्याकडं जुन्या माळवदाचं काम मिळालं, तर मात्र बंदूक गाडीतच राहू दे. का, ते तिकडच्या भूकंपावरून कळतं. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, पहाटे चार वाजायच्या जरा आधीचा. माणसं दबली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदावरच्या मातीच्या थराखाली. भिंती ढासळल्या तरी लाकडी खण उभे, असंही कितीतरी ठिकाणी झालं. पुढं घरं मजबूत करताना सांगितलं ते हेच: वरची माती कमी करा, आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेके द्या. आता त्या खांब-तुळयांचं सागवान किती वर्षांचं वाळलेलं असतं बघ. बंदुकीचा खिळा त्यात एक तर वाकतो, नाहीतर लाकूड रेषेत चिरतं. चीर आत गेली की वरून दिसतही नाही. तिथं ड्रिलनं भोक पाड, आरपार बोल्ट घाल, दोन्हीकडं वायसर, मग नट आवळ. भूकंपात टेका एकदा दाबला जातो आणि पुढच्या क्षणी ओढला जातो. ओढला की खिळा निसटतो, बोल्ट जागा सोडत नाही. बाभळीचंही तसंच, आधी भोक.

आता खरेदी. दुकानात आधी बंदूक बघायची नाही, खिळा विचारायचा. फ्रेमिंगच्या पट्टीतले खिळे 21 अंशांचे वेगळे, 34 चे वेगळे. एकाचे दुसऱ्यात चालत नाहीत. स्वस्तात ऑनलाइन बंदूक आणायची आणि खिळ्यांसाठी हैदराबादच्या पार्सलची वाट बघत माणसं बसवून ठेवायची, हा धंदा नव्हे. ज्याचे खिळे आणि ओ-रिंग गावात मिळतात तीच बंदूक चांगली, मग नाव कुठलंही असो.

कॉम्प्रेसरवर लिहिलेला हवेचा मोठा आकडा बहुतेक वेळा पिस्टनच्या मापाचा असतो. बाहेर खरंच किती हवा मिळते, म्हणजे एफएडी, ते विचार. साइटवर टेम्पररी मीटरपासून लांब बारीक वायर ओढलीस तर मोटर गुरगुरते, उठत नाही, आणि कपॅसिटर जातो. कॉम्प्रेसर मीटरजवळ ठेव, हवेचा पाइप लांब कर. टाकीत पाणी साचतं, पावसाळ्यात तर फारच. रोज संध्याकाळी खालचा नळ सोडून काढ. सकाळी बंदुकीला हवेचा पाइप जोडतो त्या भोकात एअर टूलच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाक, पण बिनतेलाची असेल तर एकही नको. दाब बंदुकीवर लिहिलाय त्याच्यापुढं न्यायचा नाही. त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी दोन खिळे मारून बघ. डोकं वर राहिलं तर दाब थोडा वाढव, आत बुडालं तर कमी कर.

आणि फॅब्रिकेटरचा ऑक्सिजनचा सिलिंडर जवळ असतो म्हणून कुणी त्याला पाइप जोडायला निघाला, तर हात धरून थांबव. तेलाशी ऑक्सिजन भेटला की बंदूक हातातच फुटते. हे मी गमतीनं सांगत नाही.

चाप दोन तऱ्हेचे येतात. एकात चाप दाबून ठेवून तोंड टेकवत गेलं की धडाधड खिळे सुटतात. दुसऱ्यात आधी तोंड टेकवायचं, मग चाप, दर खिळ्याला नव्यानं. अमेरिकेच्या सरकारी खात्यांनी 2011 साली ठेकेदारांसाठी पुस्तिका काढली, त्यात पहिल्या तऱ्हेला इजेचा धोका दुप्पट लिहिलाय. काम जरा हळू होईल, तरी दुसराच घे. तोंडाची स्प्रिंग बांधून ठेवणारा कारागीर दिसला तर बंदूक काढून घे. दुसरा हात खिळ्याच्या रेषेपासून निदान फूटभर लांब, कारण गाठीवर आपटलेला खिळा वळून बाजूनं बाहेर येतो. डोळ्याला चष्मा हवाच. खिळा अडकला, जेवायची सुट्टी झाली, कुणाला बंदूक वर द्यायची झाली, की आधी पाइप काढायचा.

पावती घेताना मॉडेल नंबर लिहून घे, आणि ओ-रिंगचा एक सेट जास्तीचा त्याच दिवशी आण.