छाती भरली, दम लागला : ‘गॅस’ म्हणून बसून राहू नका



या पानावर आपण दरवेळी लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा असे विषय पाहतो. या अंकात विषय वेगळा घेतला आहे. शेतकी खात्याच्या माणसाने दवाखान्याचे कशाला सांगावे, असे कोणी म्हणेल. मी डॉक्टर नाही, शेतीची पदविका घेतलेला माणूस आहे. पण वर्षातला बहुतेक काळ तुमच्या बांधावर जातो, आणि बांधावर जे डोळ्यांनी पाहिले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. वैद्यकीय बाजू डॉक्टरांना विचारून, समजून घेऊन लिहिली आहे.

एका सभासदाची गोष्ट

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. महिना फेब्रुवारी. आपल्याच एका सभासदाच्या प्लॉटवर टोळी लागली होती. पाळीची वाट बघून बघून मंडळी कंटाळली होती, त्यामुळे घरात आनंद होता. मी सकाळी नऊच्या सुमारास प्लॉटवर पोहोचलो, तर ते बांधावर छातीवर हात धरून बसलेले. “साहेब, छाती भरल्यागत झालीया. राती मटण झालं, गॅस धरला असंल.” कपाळावर घाम होता. थंडीची सकाळ, तरी घाम. मीही म्हणालो, “पित्तच असेल. सोडा घ्या आणि जरा पडा.”

सोडा प्यायले, ढेकर आली, बरे वाटले. मग ट्रॅक्टर भरेपर्यंत थांबले. पुढे काट्यावर वजन लागल्याचा निरोप येईपर्यंत थांबले. दिवस मावळताना दम लागून आडवे पडता येईना, तेव्हा घरच्यांनी गाडी केली. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. हार्ट अटॅक सकाळीच येऊन गेला होता.

ते वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. आज घरापासून विहिरीपर्यंत जायचे तर दोनदा थांबावे लागते. ऊस आता वहिनी पाहतात. मागे भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, “साहेब, पान बघून उसाला काय कमी पडलंय ते तुम्ही सांगता. माझा घाम मला कळला न्हाई, अन् तुम्हालाबी न्हाई.” त्यात राग नव्हता, पण मला ते लागले. म्हणून हा लेख.

हृदयाचा पाट तुंबतो म्हणजे काय?

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते, पण ते स्वतःही स्नायूच आहे. त्यालाही रक्त लागते. ते दोन मुख्य रक्तवाहिन्या आणि त्यांच्या फाट्यांमधून मिळते. पाटात जसा वर्षानुवर्षे गाळ साचतो, तसा या वाहिन्यांच्या आतून चरबीचा थर साचत जातो. तंबाखू, बिडी, वाढलेला रक्तदाब, मधुमेह यांनी हा गाळ लवकर साचतो.

पाट अर्धवट तुंबलेला असतो तेव्हा बसल्या जागी काही कळत नाही. पण चढ चढताना, ओझे उचलताना, भरल्या पोटी चालताना पाणी कमी पडते आणि छाती आवळल्यासारखी होते. थांबले की चार-पाच मिनिटांत बरे वाटते. हा पहिला इशारा. असे एकदा जरी झाले, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. पूर्वीपेक्षा कमी कष्टात, वरचेवर किंवा बसल्या जागी होऊ लागले तर त्याच दिवशी, लगेच जावे.

थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी बसली की पाट पूर्ण बंद होतो. हा हार्ट अटॅक. अर्ध्या तासाच्या आत स्नायू मरू लागतो आणि पुढे तासागणिक नुकसान वाढत जाते. इथे एक फरक ध्यानात घ्या. उसाला पाण्याचा ताण बसला तरी पुढच्या पाळीला तो पुन्हा हिरवा होतो. हृदयाच्या मेलेल्या स्नायूला फुटवा येत नाही. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी पहिल्या तासा-दोन तासांत झाली तर सर्वांत जास्त स्नायू वाचतो. मात्र उशीर झाला म्हणूनही घरी बसू नये. बारा तासांपर्यंत वाहिनी उघडण्याचा चांगला उपयोग होतो, आणि त्यानंतरही उपचार लागतातच.

गॅस की हृदय? घरी ठरवता येत नाही

हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. छातीत जळजळ पित्तानेही होते. मन घाबरले तरी छाती धडधडते आणि श्वास अपुरा वाटतो. बरगडीचा स्नायू दुखावला तरी छाती दुखते. हे सगळे खरे आहे. पण हृदयविकारातही ढेकरा येतात, मळमळते, पोटाच्या वरच्या भागात दुखते. सोडा घेऊन बरे वाटले म्हणजे गॅसच होता, असे सिद्ध होत नाही. आमच्या सभासदालाही बरे वाटलेच होते.

आणखी एक गोष्ट. प्रत्येकाला सिनेमात दाखवतात तशी जोराची कळ येत नाही. बऱ्याच जणांना नुसते छातीवर दगड ठेवल्यासारखे जड वाटते. दुखणे डाव्या किंवा दोन्ही हातांत, खांद्यात, मानेत, जबड्यात, पाठीत जाते. मधुमेही, वयस्कर माणसे आणि बायका यांना कधी कधी छातीत काहीच होत नाही. नुसता दम, घाम, मळमळ आणि अंगातले बळ गेल्यासारखे वाटते. घरातली बाई “जरा दमल्यासारखं वाटतंय” म्हणाली तर ते कामाचे दमणे आहे असे धरून चालू नका.

निर्णय कार्डिओग्राम आणि रक्ताच्या तपासणीने होतो. पहिला कार्डिओग्राम चांगला आला तरी काही वेळाने दुसरा काढावा लागतो. म्हणून डॉक्टर थांबायला सांगतील तर “काट्यावर गाडी आहे” म्हणून उठून येऊ नये.

दम लागण्याची इतर कारणे

दमा : श्वासनळ्या आक्रसतात, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. धूळ, धूर, थंडी यांनी वाढतो. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज आहे. पंपातील औषध थेट श्वासनळीत जाते म्हणून अगदी थोडे पुरते. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला पंप बरे वाटले म्हणून बंद करू नये.

धुराने खराब झालेली फुप्फुसे : बिडी ओढणाऱ्या पुरुषांना, तसेच आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांना, ज्यांनी कधी बिडी हातात धरली नाही त्यांनाही, हा आजार होतो. गेलेले फुप्फुस परत येत नाही, पण धूर थांबवला तर उरलेले टिकते.

न्यूमोनिया व क्षय : ताप, खोकला आणि दम एकत्र आले तर दुखणे अंगावर काढू नये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासावा. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

रक्त कमी असणे व हृदय थकणे : थोड्या कामाने धाप लागते. हृदय थकले असेल तर पायावर सूज येते, उताणे झोपले की दम लागतो आणि उशा वाढवाव्या लागतात.

आपल्या शेतावरचे खास धोके

१. फवारणी : ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके श्वासातून आणि नुसत्या कातडीतूनही अंगात भिनतात. छाती आवळते, तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरते. ताबडतोब कपडे काढून साबणाने अंग धुवावे (धुणाऱ्याने हातमोजे घालावेत) आणि औषधाच्या डब्यासह दवाखाना गाठावा. डब्यावरील नाव पाहून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

२. पाचट जाळणे : हेक्टरी ८ ते १० टन पाचट आपण काडी लावून उडवतो. जमिनीचे नुकसान मी दरवर्षी सांगतोच. पण त्या धुराने शेजारच्या वस्तीवरील दमेकऱ्याची रात्र बसून जाते, तेही ध्यानात असू द्या.

३. बुरशी आलेली बगॅस, कडबा : साठवून, भिजून बुरशी धरलेल्या बगॅसची धूळ नाकात गेली, तर चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला आणि दम लागतो. बगॅस यार्डातील कामगारांनी असा ताप वरचेवर येत असल्यास ‘कामावर गेलो की होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

४. विहीर व गोबरगॅसचा खड्डा : खोल विहिरीत डिझेल इंजिन चालवले असेल, तर विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो. आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे दुसऱ्याने तसेच उतरू नये. एकामागून एक जीव असेच जातात. अग्निशामक दलाला बोलवावे.

५. मण्यार : तोडणी मजूर खोपीत जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री चावते, दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि श्वास मंदावतो. मुकादमांनी हे ध्यानात ठेवावे. मांत्रिकाकडे नेऊ नये. सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात न्यावे.

केव्हा एक मिनिटही थांबायचे नाही?

हा भाग कापून कपाटाला लावावा.

• छातीत दाब, आवळ किंवा जडपणा थांबून बसल्यावरही जात नाही
• छातीच्या त्रासाबरोबर थंड घाम, उलटी, चक्कर, किंवा दुखणे हात-जबडा-पाठीकडे जाणे
• बसल्या जागी दम. एक वाक्य एका श्वासात पुरे बोलता न येणे
• ओठ किंवा नखे निळसर पडणे, गुंगी येणे, भान हरपणे
• पंप घेऊनही दमा न थांबणे
• खोकल्यातून रक्त पडणे, किंवा एका पायाला सूज येऊन एकाएकी दम लागणे
• मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० च्या वर जाणे. पाच वर्षांखालील मूल जोरजोरात श्वास घेत असेल आणि बरगड्या आत ओढल्या जात असतील तर

२०२० सालच्या कोरोनात अनेकांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला. घरी असेल तर वापरा. आकडा ९० किंवा खाली असेल तर लगेच न्यावे. पण आकडा ९८ आला म्हणजे हृदय ठीक, असे नाही. हार्ट अटॅकमध्येही आकडा चांगला दिसू शकतो.

गाडी येईपर्यंत काय करावे

काम तिथेच सोडावे. रोग्याला टेकून, अर्धवट बसते ठेवावे. कपडे सैल करावेत. १०८ क्रमांक लावावा. ही मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पत्ता सांगताना गट नंबर सांगून उपयोग नाही. गाव, रस्ता, जवळचे देऊळ किंवा शाळा सांगावी, आणि एक माणूस फाट्यावर उभा करावा. रुग्णवाहिकेला फार उशीर होणार असेल तर चारचाकीने कार्डिओग्रामची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे.

रोग्याला चालवू नये. त्याला स्वतः मोटारसायकल चालवू देऊ नये. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट देऊ नये, रक्तदाब एकदम खाली जातो. ती गोळी ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच घ्यावी. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला द्यावी का, हे फोनवर डॉक्टरांना विचारावे. अ‍ॅलर्जी असलेल्यांना किंवा रक्तस्रावाचा त्रास असलेल्यांना ती चालत नाही.

माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल, तर पाठीवर निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत. भिऊन हात आखडू नये.

पाळीची काळजी नको

सभासद दवाखाना का टाळतात, हे मला ठाऊक आहे. एक, खर्चाची भीती. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे बरेच उपचार मोफत होतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. दुसरी भीती तोडणीची पाळी जाण्याची. तर स्पष्ट सांगतो. घरात असे आजारपण आले तर गट ऑफिसला किंवा मला फोन करा. टोळीमागे, ट्रॅक्टरमागे, काट्यावर उभा राहायला आमचा माणूस येईल. ऊस दोन दिवस उशिरा तुटला तर उतारा थोडा घटेल, एवढेच.

आणि मीही एक ठरवले आहे. आता प्लॉटवर कोणी छातीवर हात ठेवून बसलेला दिसला, तर मी सोडा सुचवणार नाही. जीपचे दार उघडीन. तुम्हीही शेजाऱ्यासाठी तेवढे करा.

आपला,
ऊस विकास अधिकारी