चंद्रावर जाणारी तोफ

लहानपणी गिरगावातील चाळीच्या गॅलरीत बसून मी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथा वाचीत असे. भा. रा. भागवतांनी त्या मराठीत आणल्या होत्या. व्हर्नने १८६५ सालच्या कादंबरीत तिघांना प्रचंड तोफेतून चंद्राकडे धाडले आहे. आजी म्हणे, "थोतांड आहे सारे!" परंतु जुलै १९६९ मध्ये मानव खरोखरच चंद्रावर उतरला. मला कोण आनंद झाला!

वडील मात्र म्हणाले, "तोफेचा धक्का माणसाला सोसेल का रे?" मी निरुत्तर झालो. पुढे उमगले, त्या धक्क्याने तिघेही चिरडले असते. चंद्रवीरांना नेले ते क्रमाक्रमाने वेग वाढविणाऱ्या अग्निबाणाने.

मुलांनो, अद्भुत कथा अवश्य वाचा. पण वडिलांसारखा प्रश्नही विचारा.