सोळाव्या रस्त्यावरचे चर्च

प्रार्थनास्थळ समाजाच्या काय उपयोगी पडते, असा प्रश्न अभ्यासवर्गात अनेकदा निघतो. त्यासाठी अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या बर्मिंगहॅम शहरातील सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चचा इतिहास अवश्य अभ्यासावा.

कृष्णवर्णीयांनी हे चर्च १८७३ साली स्थापन केले. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा उणीपुरी आठ वर्षे झाली होती. आजची इमारत १९११ ची. तिचा आराखडा वॉलेस रेफील्ड या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञाने केला. शहरातील इतर सभागृहांची दारे बंद होती. म्हणून सभा, व्याख्याने, समारंभ याच छपराखाली होत. हे छप्पर त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते, ही गोष्ट महत्त्वाची होय.

१९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग व फ्रेड शटल्सवर्थ यांच्या नेतृत्वाखाली वर्णभेदाविरुद्ध लढा सुरू झाला. नोकरी जाईल या भीतीने मोठी माणसे तुरुंगात जाण्यास कचरत होती. तेव्हा विद्यार्थी पुढे आले. २ मे रोजी ते या चर्चमधून गाणी गात तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडले. शेकडो मुलांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी मुलांवर पोलिसांचे कुत्रे व पाण्याचे जोरदार फवारे सोडण्यात आले. ती छायाचित्रे जगाने पाहिली. १० मे रोजी समझोता झाला. दुकानांतील खाण्याच्या जागी आणि पिण्याच्या पाण्याच्या नळावर पाळला जाणारा भेद दूर करण्याचे ठरले.

याचा सूड चर्चवर उगवला गेला. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी सकाळी तेथे बॉम्बस्फोट झाला. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या १४ वर्षांच्या आणि डेनिस मॅकनेअर ही ११ वर्षांची, अशा चार मुली ठार झाल्या.

नागरी हक्कांचा कायदा २ जुलै १९६४ रोजी झाला. परंतु पहिला गुन्हेगार १९७७ साली, दुसरा २००१ साली आणि तिसरा २००२ साली दोषी ठरला. कायदा दहा महिन्यांत आला. न्यायाला मात्र जवळजवळ ३९ वर्षे लागली.

मुलांना लढ्यात उतरवावे काय, यावर तेव्हाही तीव्र मतभेद होते. मी शिक्षक आहे; मला हा प्रश्न सोपा वाटत नाही. पण ती मुले ज्या शहरात शिकत होती, तेथे त्यांना घरी बसूनही सुरक्षितता नव्हती, हेही विसरता येत नाही.

विचारासाठी प्रश्न :
१) स्वतःच्या मालकीची जागा नसती, तर हा लढा कोठून उभा राहिला असता?
२) कायदा होणे आणि न्याय मिळणे यांत अंतर का पडते?